मापाबाहेरचे शीड



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. यवतमाळहून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र शेकडो मैल दूर. शीड आपण पाहिले असेल ते चित्रात, नाहीतर मुंबईला गेलो असता लांबून. त्यातून बोलणारा माणूस जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत तीस वर्षे फिरलेला आणि शाळेत सातवीपर्यंतच गेलेला. त्याने शर्यतीच्या होड्यांच्या शिडावर काय बोलावे? चालकांनीही मला हाच प्रश्न केला होता. मी त्यांना म्हटले, शीड हे कापडाचे असते आणि कापड हे कापसाचे, तेव्हा विषय अगदीच परका नाही. १८५१ साली 'अमेरिका' नावाच्या होडीने इंग्लंडच्या किनाऱ्यावर जाऊन तिथल्या होड्यांना हरवले, तेव्हा तिच्या यशाचे एक कारण तिची घट्ट विणीची सुती शिडे हे होते. इंग्रजांची शिडे तोवर जवसाच्या जातीच्या तागाची, सैल विणीची असत. पुढे शंभर वर्षे शर्यतीचे शीड म्हणजे सुती शीड असा प्रघात राहिला. १९५० नंतर कृत्रिम धाग्याने त्याची जागा घेतली.

पण कापसाचे नाते सांगण्यासाठी मी आलेलो नाही. आमची जिने पावसाळ्यात बंद असतात, आणि त्या दिवसांत मी इथल्या वाचनालयात बसतो. तिथे खेळांविषयीची पुस्तके चाळताना जोडहोड्यांच्या शर्यतीचे नियम माझ्या वाचनात आले. ते वाचता वाचता मी एकदम थांबलो. कारण त्यात माझ्या हातून झालेली एक चूक लिहिलेली होती. अर्थात नाव माझे नव्हते. पण चूक तीच होती. त्या चुकीबद्दल मी आज बोलणार आहे.

प्रथम जोडहोडी म्हणजे काय ते सांगतो. तिला इंग्रजीत कॅटामरान म्हणतात. शब्द मूळचा तमिळ: 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम्' म्हणजे लाकूड. मद्रासकडचे कोळी ओंडके एकत्र बांधून समुद्रात जात, ते पाहून युरोपियनांनी हा शब्द उचलला. आता त्या नावाने जी होडी ओळखली जाते ती दोन अरुंद होड्यांची असते. दोन्ही समांतर, मध्ये आडव्या दांड्या आणि त्यावर एक डोलकाठी. जुवाला जोडलेल्या बैलांच्या जोडीसारखी तिची बांधणी असते असे समजा. अशी होडी पाण्याला कमी अडते, सहजी कलंडत नाही, आणि म्हणून फार वेगाने जाते.

आता शर्यत लावायची तर सारख्यांत सारखी लावली पाहिजे. वारा सर्वांना फुकट आहे. पण तो पकडणारे शीड ज्याचे मोठे, तो पुढे जाणार. मग श्रीमंताने दुप्पट शीड लावावे आणि गरिबाने मागे राहावे, याला शर्यत म्हणता येत नाही. म्हणून जोडहोड्यांचे वर्ग पाडण्यात आले. १९६० च्या दशकात असे चार वर्ग होते. 'अ' वर्गाला शीड जास्तीत जास्त १५० चौरस फूट, म्हणजे दहा बाय पंधराच्या खोलीएवढे. 'ब' वर्गाला २३५, 'क' वर्गाला ३०० आणि 'ड' वर्गाला ५०० चौरस फूट. बहुतेक वर्गांत होडीची लांबी-रुंदीही ठरलेली. एवढे पाळा, बाकी तुमची अक्कल चालवा, असा एकंदर कारभार होता.

वाचताना वाटते, १५० चौरस फूट म्हणजे १५० चौरस फूट. यात भांडण ते काय? पण कापड मोजून पाहा म्हणजे कळेल. शीड हे जमिनीसारखे सपाट नसते. त्याला पोट असते, कारण पोटाशिवाय वारा धरला जात नाही. त्याची मागची कड सरळ नसून बाहेर फुगलेली असते. सुती शीड तर ताणले की वाढे आणि भिजले की आखडे. मग मोजणारा काय करतो? तो शीड जमिनीवर पसरतो, त्याचे टोक खालच्या कोपऱ्याशी दुमडून कडेचा मध्य काढतो, आणि त्या ठिकाणची रुंदी मोजतो. तसेच पाव उंचीवर आणि पाऊण उंचीवर. या दोन-चार मापांवरून तो क्षेत्रफळ ठरवतो, आणि शिडाच्या कोपऱ्यावर शिक्का मारून सही करतो. म्हणजे माप घेतले जाते ते काही ठराविक जागी. आणि जिथे माप घेतले जात नाही, तिथे शिंप्याची कात्री मोकळी राहते.

याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण जोडहोडीचे नव्हे, एकहोडीचे आहे. पण ते सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. १९२० च्या दशकातील गोष्ट. त्या काळच्या नियमात होडीच्या पुढच्या भागातील शिडाचे माप प्रत्यक्ष शिडावरून घेत नसत. डोलकाठी आणि तिला पुढून ताणणारी दोरी यांच्यामध्ये जो त्रिकोण होतो, तो मोजत. शीड त्या त्रिकोणात बसणारच, असे नियम करणाऱ्यांनी धरून ठेवले होते. स्वेन सालेन नावाच्या स्वीडिश खलाशाने इटलीतील जिनोआ बंदराच्या शर्यतीत असे शीड लावले की ते त्रिकोणात न मावता डोलकाठीच्या मागेपर्यंत पसरले होते. त्रिकोण तेवढाच होता. माप तेवढेच भरले. मात्र कापड कितीतरी जास्त. त्याने नियम मोडला होता का? नाही. नियमाने जे मोजले नव्हते, ते त्याने वाढवले. त्या शिडाला अजूनही जिनोआच म्हणतात. लगोलग सगळ्यांनी तशी शिडे शिवून घेतली, आणि मग नियम बदलावे लागले. पुढच्या काळातील पुष्कळ नियमांत दीडपटीपर्यंत सूट आणि त्यापुढे दंड अशी मर्यादा आली. परिणाम असा झाला की सगळ्यांची शिडे बरोबर दीडपट होऊ लागली!

बंधुभगिनींनो, इथे मी पुस्तक मिटले. कारण मला टोपले आठवले.

गोष्ट १९९० नंतरची. एका जिनात, नाव घेत नाही, कपाशी रेच्यावर टाकणाऱ्या बायांना वजनावर मजुरी होती. वजन मुनीम करी. काटा कार्यालयाच्या आत. बायांना तो दिसत नसे. रोज कुरबूर होई. मी तेव्हा पंचविशीचा, संघटनेत नवा. मला एक युक्ती सुचली. मी म्हटले, वजनाची भानगडच नको, टोपल्यावर मजुरी द्या. टोपली सर्वांना दिसतात, सर्वांना मोजता येतात. मालकाने दोन दिवस आढेवेढे घेतले आणि मग मान्य केले. एवढ्या लवकर मान्य केले याचा मला अभिमानच वाटला. करारावर कामगारांच्या वतीने सही माझी. दिवाळीनंतर हंगाम ऐन भरात आला, नवी टोपली आली, आणि महिनाभराने एक वयस्क बाई मला फाटकाशी गाठून म्हणाली, ''भाऊ, टोपले तेवढेच हायेत, पण टोपलं तेवढंच नाही ना जी!''

मी आत जाऊन पाहिले. नव्या टोपल्याचा घेर मोठा होता. करारात दर टोपल्यास किती पैसे हे होते, दिवसाला किमान किती टोपली हे होते. टोपले केवढे, हे नव्हते. ते लिहायचे मला सुचलेच नाही. मालकाने करार मोडला नव्हता. जे मी मोजले नव्हते, ते त्याने वाढवले होते. पुढच्या हंगामात आम्ही नमुन्याचे एक टोपले फाटकावर टांगले, आणि दर आठवड्याला दोन बायांसमक्ष भरले टोपले काट्यावर ठेवायचे ठरवले. पण गेलेल्या हंगामाचा फरक बायांना कधीही मिळाला नाही. त्यांनी मला त्याबद्दल शब्दानेही दोष दिला नाही, हे मला अधिक लागले. स्वेन सालेनचे शीड आणि आमचे टोपले यांत फरक एवढाच की तिकडे एक शर्यत गेली, आणि इकडे चाळीस घरांतला एक हंगाम गेला.

तेव्हापासून कोणताही नियम वाचला की मी प्रथम पाहतो तो यात काय मोजले आहे हे नव्हे, तर काय मोजायचे राहिले आहे हे. जे मापात धरलेले नसते ते फुगते. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १८८१ च्या कारखाना कायद्याने फक्त मुलांचे तास मोजले. १८९१ च्या कायद्याने बायांचे तास मोजले आणि ते अकरावर आणले. पुरुषांचे तास कोणीच मोजले नव्हते. तोवर सूर्य हा गिरणीचा घड्याळजी होता. अंधार पडला की साचे थांबत. मग विजेचे दिवे आले, सूर्याचा अधिकार संपला, आणि पुरुषांचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत आणि त्याहूनही लांबला. १९११ मध्ये कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली गेली. १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, १९४६ मध्ये नऊ. तास मोजले जाऊ लागले तसे काय फुगले? एका माणसाने सांभाळायच्या मागांची आणि चात्यांच्या बाजूंची संख्या फुगली. १९२८ साली मुंबईत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो प्रचंड संप झाला, त्याच्या मुळाशी हेच होते. दिवस तेवढाच, पण दिवसात कोंबलेले काम तेवढेच नाही. म्हणजे टोपलेच ते!

यावरून कोणी म्हणेल, मग सगळेच मोजा. एकही गोष्ट मोकळी सोडू नका. हेही खरे नाही, आणि ते मला जोडहोड्यांनीच शिकवले. 'क' वर्गाचा नियम लांबी, रुंदी आणि ३०० चौरस फूट एवढेच सांगत होता. शीड कापडाचे असावे, असे त्यात कुठेच म्हटले नव्हते. तेव्हा काही हुशार कारागिरांनी कापड टाकून देऊन विमानाच्या पंखासारखे ताठ, उभे शीड बनवले. क्षेत्रफळ तेवढेच, पण वाऱ्याचा उपयोग कितीतरी चांगला. हा शोध मोकळ्या सोडलेल्या जागेतूनच आला. सगळे दोर आवळले असते तर तो झाला नसता. म्हणून न मोजलेल्या जागेत जे फुगते ते नेहमी वाईटच असते असे नाही. कोणाच्या जोरावर फुगते, हे पाहायचे. कारागिराच्या बुद्धीवर फुगले तर तो शोध. दुसऱ्याच्या पाठीवर फुगले तर ती लूट.

दुसऱ्या काही लोकांनी उलटा मार्ग काढला. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात हॉबी ऑल्टर या गृहस्थाने 'हॉबी १६' ही जोडहोडी काढली. तिच्या शर्यतीत सर्वांची होडी सारखी आणि शीडही त्याच कारखान्याचे. मोजण्याची कटकटच बरीचशी संपली, आणि सामान्य माणसाला हा खेळ खेळता आला. पण मग सर्वांना एकाच दुकानातून माल घ्यावा लागतो. आपल्याकडे १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. व्यापाऱ्याच्या काट्याची भीती कमी झाली, घेणारा एकच झाला. पण भांडण संपले नाही, ते काट्यावरून उठून प्रतवारीच्या टेबलावर जाऊन बसले.

आता माप बदलण्याचा प्रश्न घेऊ. माप एकदा ठरले की लोक त्यावर विश्वासून पैसा घालतात, अंगमेहनत घालतात. मग एके दिवशी माप बदलते. बदलायचेच नाही असे म्हणून चालणार नाही. टोपले मीच बदलायला लावले ना? पण कसे बदलावे?

'टॉर्नेडो' नावाच्या जोडहोडीचे उदाहरण घ्या. रॉडनी मार्च या इंग्रजाने १९६७ साली तिचा आराखडा केला. ती 'ब' वर्गातली, वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद. १९७६ पासून ती ऑलिंपिकच्या खेळांत आली आणि सुमारे पंचवीस वर्षे तिचे शिडाचे माप मुख्यतः तेच राहिले. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकनंतर ते बदलण्यात आले. मुख्य शीड मोठे केले, पुढे फुग्यासारखे आणखी एक शीड दिले, आणि होडीचा तोल सावरण्यासाठी दोघाही खलाशांना बाहेर लोंबकळण्याची सोय दिली. होडी मात्र तीच ठेवली. ज्याच्याजवळ जुनी होडी होती तो नवे सामान चढवून उतरू शकत होता. शिवाय बदल एका ऑलिंपिकनंतर लगेच झाला, म्हणजे पुढच्यापूर्वी सरावाला तीन-चार वर्षे मिळाली. सिडनीला जुन्या मापाने सुवर्णपदक जिंकले ते ऑस्ट्रियाच्या रोमन हागारा आणि हान्स पेटर श्टाइनाखर यांनी. २००४ मध्ये अथेन्सला नव्या मापाने कोण जिंकले? तीच जोडी! माप बदलूनही खऱ्या कौशल्याचा मान राहिला. या बदलाचा एक दोष मात्र झाकू नये: अधिक शिडे म्हणजे अधिक खर्च, आणि तो सर्वांना सारखा झेपत नाही.

पण याच होडीला दुसरा अनुभवही आला. २००८ च्या ऑलिंपिकला वारा मंद असणार असा अंदाज होता. अमेरिकेच्या जोडीने ते नवे फुगीर शीड चपटे शिवून आणले. उद्देश असा की वाऱ्याकडे जातानाही ते वापरता यावे. नियमाच्या शब्दांत ते बसत होते. शर्यतीच्या गावात मोठी खळबळ उडाली. शेवटी वारा वाढला आणि त्या जोडीला पदक मिळाले नाही. मात्र टॉर्नेडोचे भवितव्य त्याआधीच ठरून गेले होते. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मतदानात २०१२ च्या ऑलिंपिकमधून जोडहोडीच वगळली गेली. शिडाचे माप बदलले तेव्हा होडी राहिली होती. इथे होडीच गेली. २०१६ मध्ये जोडहोडी परत आली ती दुसऱ्याच जातीची, आणि तीत एक पुरुष व एक स्त्री अशी जोडी. ज्यांनी उमेदीची वर्षे टॉर्नेडोवर घातली होती त्यांच्या हाती जुनी होडी राहिली.

इतका वेळ आपण पाण्यावर होतो. आता आपल्या शिवारात येऊ. आपल्याकडे जोडहोडी नाही, पण जोडी आहे. आपला शंकरपट! तळेगाव दशासरचा पट ज्याला ठाऊक नाही असा माणूस या सभागृहात नसेल. बैलजोडी, हलका छकडा, वर धुरकरी, आणि सेकंदाच्या भागापर्यंत वेळ टिपणारे घड्याळ. मी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पट पाहिला आहे, आणि तो आनंद मी नाकारणार नाही. पण पटात आपण काय मोजत होतो? अंतर आणि वेळ. काय मोजत नव्हतो? बैलाच्या अंगावर काय होते ते. म्हणून तेच फुगले. एक सेकंद कमी करण्यासाठी खिळ्याची काठी आली, शेपटी पिरगाळणे आले, त्याहूनही वाईट प्रकार आले. सगळेच धुरकरी असे करीत होते असे मी म्हणत नाही. लेकरासारखे बैल सांभाळणारे मी पाहिले आहेत. पण घड्याळाला दोघांतला फरक कळत नव्हता.

परिणाम आपल्याला माहीत आहे. २०११ मध्ये केंद्र सरकारने बैलाचे नाव खेळ-प्रदर्शनास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात महाराष्ट्राने २०१७ मध्ये दुरुस्ती करून नियम केले. पण तेही न्यायालयात अडकले. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. नव्या नियमांत धाव १००० मीटरपेक्षा लांब नसावी, काठी-चाबूक वापरू नये, बैल धडधाकट असल्याचा डॉक्टरी दाखला असावा, आणि आयोजकांनी ५० हजार रुपये अनामत ठेवावी, अशा अटी आहेत. म्हणजे आता अंतर आणि वेळ यांबरोबर बैलही मापात आला. हा बदल योग्य दिशेचा आहे असे माझे मत आहे. परंतु तो किती महाग पडला पाहा! पटवाल्यांनीच स्वतःहून वेळीच ही मापे लावून घेतली असती, तर न्यायालयाला लावावी लागली नसती, आणि मधली सात-आठ वर्षे जोडी गोठ्यात बांधून ठेवावी लागली नसती. त्या वर्षांत पटाचा बैल विकावा लागलेल्या शेतकऱ्याची बाजूही मी इथे मांडतो. बदल न्याय्य होता, पण त्याला मुदत अशी मिळालीच नाही.

बैलाविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला स्वतःला फार विचारात पाडणारी वाटली. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केंद्राचे नियम झाले. त्यांत असे म्हटले आहे की जनावराला दिवसात नऊ तासांहून जास्त जुंपू नये, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त जुंपू नये, आणि तापमान ३७ अंशांवर गेले असता दुपारी बारा ते तीन अजिबात जुंपू नये. कोणत्या चाकाच्या गाडीत किती ओझे, याचेही कोष्टक आहे. आता १९४८ च्या कारखाना कायद्याने माणसाला काय दिले होते? दिवसाला नऊ तास, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा. आकडे तेच! फरक एकच. बैलाला उन्हाची मर्यादा मिळाली. आपल्या यवतमाळच्या मे महिन्यात ३७ अंश हा आकडा सकाळीच मागे पडतो, आणि भर दुपारी रस्त्यावर खडी टाकणाऱ्या माणसासाठी त्या १९४८ च्या कायद्यात तसा तीन तासांचा आडवा बांध नव्हता. बैलाला मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. बैलाचे माप माणसालाही लावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता समारोपाकडे येतो. माप बदलायचे असेल तर काय पाहावे, हे मी या सगळ्यातून शिकलो ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, बदल हंगामाच्या आधी जाहीर झाला पाहिजे. कापूस वेचून झाल्यावर ओलाव्याचा नियम सांगणे म्हणजे होडी पाण्यात असताना शीड कापणे होय. दुसरी, ज्याने जुन्या मापावर विश्वासून पैसा घातला त्याला मुदत आणि वाट मिळाली पाहिजे, जशी टॉर्नेडोची होडी ठेवून शीड बदलले तशी. तिसरी, मोजणारा तिसरा माणूस असावा आणि मोजणी उघड्यावर व्हावी. भारतीय कापूस निगम ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाही. हा नियम कागदावर स्पष्ट आहे. पण ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा गाडीवाल्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला नाही, तर स्पष्ट नियमही त्याच्या उपयोगाचा नाही.

चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची. माप ठरवणाऱ्या बैठकीत ओढणारा हजर पाहिजे. टोपल्याचा करार केला तेव्हा मी कार्यालयात बसलो होतो आणि बाया बाहेर रेच्यांवर होत्या. त्यातली एकही आत असती, तर तिने पहिलाच प्रश्न विचारला असता: ''टोपलं केवढं जी?'' मला जे पुस्तक वाचून वीस वर्षांनी कळले, ते तिला हातांनी त्याच दिवशी कळले असते. बैलाला बैठकीत आणता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने विचारणारा कोणीतरी नेमावा लागतो. माणसाला आणता येते. मग त्याला बाहेर का ठेवायचे?

आणि शेवटची गोष्ट. वर्षातून एकदा, मग ती सहकारी संस्था असो, शाळेची क्रीडासमिती असो की आमची संघटना असो, सर्वांनी एकत्र बसून एकच प्रश्न विचारावा: आपण जे मोजत नाही, त्यातले यंदा काय फुगले? आमच्या संघटनेच्या वार्षिक सभेत हा प्रश्न आता विषयपत्रिकेवर असतो. कधी उत्तर मिळते, कधी मिळत नाही. गेल्या खेपेस एका तरुण मुलीने उत्तर दिले ते माझ्याविरुद्ध होते. ती म्हणाली, भाऊंची भाषणे फुगली!

तिचा इशारा ध्यानात ठेवून मी इथेच थांबतो.